प्रल्हादची लहरीची काच

फोटो-फ्रेमच्या धंद्यात एक सवय हाताला लागते आणि ती मरेपर्यंत सुटत नाही. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की मी आधी तो पालथा करतो, पाठीमागून माप घेतो, आणि मगच सरळ करून पाहतो. चेहरा आधी पाहिला की हात थबकतो, माप चुकतं. माझ्या बापाची शिकवण आहे ही. वर्धेत एवढी वर्षं दुकान चालवताना गावात कोण गेलं हे मला पेपरच्या आधी काउंटरवर कळत आलं आहे, कारण तेरवी जवळ आली की फोटो येतोच. त्या सकाळीही तसंच झालं. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नवरा-बायको महिनाभर रायपूरला होतो, आदल्या संध्याकाळी परतलो होतो. शटर वर केलं, झाडून घेतलं, तेवढ्यात प्रल्हादची मुलगी माधुरी आली आणि तिने पेपरात गुंडाळलेला फोटो काउंटरवर ठेवला. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. बारा बाय पंधरा, मी पाठीवर पेन्सिलने लिहिलं आणि फोटो सरळ केला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, उन्हाकडे पाहिल्यासारखे बारीक केलेले डोळे… आणि मी, मूर्ख माणूस, तिला विचारतो, "हा फोटो काऊन आणला तू?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हळू म्हणाली, "काका, तुम्हाले कोणीच नाई सांगितलं?" दुपारी जेवून खाटेवर पडला होता म्हणे. चार वाजता वहिनी चहासाठी उठवायला गेल्या, तर उठला नाही. नऊ दिवस झाले होते.

आता दीड महिना होत आला. लिहावं असं माधुरीच म्हणाली. शोकसभेत कॉलेजवाले सगळे सरांच्या हुशारीवर बोलले, म्हणे, काका तुम्ही काचेचं लिहा. मी काही लिहिणारा माणूस नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर होतो, त्यात मी नापास झालो तो फिजिक्समध्येच, आणि ही गोष्ट प्रल्हाद शेवटपर्यंत विसरला नाही. मी बापाच्या दुकानात बसलो, तो नागपूरला शिकून आला आणि वर्धेतल्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागला. घर देवळीकडचं, भाजीपाल्याची वाडी. बाप आणि भाऊ वांगी, मेथी, लिंबं पिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी स्वतः विकायला बसायचे. प्रल्हाद प्राध्यापक झाला तरी सुट्टीच्या दिवशी वाडीत पाणी द्यायला जायचा, आणि सोमवारी कॉलेजला जाताना माझ्या काउंटरवर लिंबाची पिशवी टेकवून जायचा. थांबायचा नाही, बोलायचा नाही. पिशवी पाहून मला कळायचं की आज सोमवार आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला एक दिवस तो पिशवी ठेवून थांबला. म्हणाला, काचेच्या पट्ट्या पाहिजेत, तीन इंच बाय एक इंच, धार घासलेल्या, पन्नास नग. मी म्हटलं, एवढ्या छोट्या फ्रेमा कोणाच्या, मुंग्यांच्या का? तो हसला नाही. प्रयोगशाळेला लागणाऱ्या तयार पट्ट्या मागवल्या की त्या यायला सहा महिने लागतात आणि निम्म्या फुटून येतात, म्हणून तुझ्याकडे आलो, असं त्याने सांगितलं. मग मी टेबलावरच्या घोंगडीवर मोठी काच टाकली, हिरा घेतला आणि कापायला बसलो. काच कापायच्या अवजाराला आम्ही हिराच म्हणतो. रेघ मारताना बारीक किर्र आवाज येतो, मग काच कडेला घेऊन हलका दाब दिला की कट्… प्रल्हाद शेजारच्या स्टुलावर बसून तो आवाज ऐकत होता, एकेक पट्टी उजेडात धरून पाहत होता, कापसात ठेवत होता. वर्धेच्या माणसाला कापसाचा काय तोटा, असं म्हणत त्याने शेवटी माझ्याच उशीतला कापूस ओढला. त्या दिवसापासून दर दोन-तीन महिन्यांनी पट्ट्या कापणं हे माझं काम झालं.

एकदा त्याने मला ओढत प्रयोगशाळेत नेलं. माझ्या मनात मोठी मोठी यंत्रं होती, आणि तिथे पाहतो तर काय, गरम पाण्याच्या घमेल्यात एक काचेचं भांडं, त्यात पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात माझ्या चार पट्ट्या उभ्या. अमोनियाचा वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. खिडक्या उघड्या, पंखा बंद. तो म्हणाला, आता बोलू नको, पाहत राह्य. मी पाहत राहिलो… दहा मिनिटं काहीच नाही. मग भांड्यातलं पाणी जरासं पिवळसर वाटायला लागलं, वाटलं की भासच आहे. मग खरंच पिवळं झालं, लिंबाच्या सालीसारखं, मग हळदीच्या पाण्यासारखं, आणि माझ्या पट्ट्यांवर तो रंग आपोआप, कोणी न लावता, चढत गेला. तासाभराने त्याने एक पट्टी चिमट्याने काढली, धुतली आणि खिडकीत धरली. तिच्यातून बाहेरचं लिंबाचं झाड, सायकल स्टँड, घंटा वाजवणारा शिपाई, सगळं पिवळ्या उन्हात बुडाल्यासारखं दिसत होतं. मी कितीतरी वेळ पाहत बसलो. दुकान उघडं टाकून आलो होतो हेही विसरलो. भांड्यात उरलेलं पाणी मात्र त्याने मोरीत ओतू दिलं नाही. त्यात कॅडमियम म्हणून जहर असतं, ते नाल्यात गेलं की कोणाच्या ना कोणाच्या वांग्यात उतरतं, असं म्हणून तो ते प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून, चिठ्ठी चिकटवून, कुलपात ठेवायचा. कॉलेजातले लोक त्या डब्यांना हसायचे. भाजीवाल्याचं पोरगं होतं ते, त्याला हसू येत नव्हतं.

हे कशासाठी, हे त्याने मला माझ्याच टेबलावर लिंबं मांडून समजावलं. सूर्याच्या उन्हापासून वीज करणाऱ्या पातळ थरांच्या पट्टीत हा पिवळा थर म्हणजे खिडकी. ऊन तिच्यातून आत जातं, वीज पुढच्या थरात होते. खिडकी चांगली तर काम चांगलं. हा थर बारीक कणांचा असतो, एवढ्या बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. आणि त्या कणांत अणू रचलेले असतात, बाजारात त्याचे बाबा लिंबं रचतात तसे. त्याने घोंगडीवर लिंबांचा एक थर मांडला. दुसरा थर पहिल्याच्या खळग्यांत बसवला. मग तिसऱ्या थराचं एक लिंबू हातात धरून म्हणाला, "आता पाह्य. हे लिंबू ठेवायले दोन जागा आहे. एक तं पहिल्या थरातल्या लिंबाच्या बरोब्बर डोक्यावर, नाई तं तिसऱ्याच खळग्यात. लिंबं तेवढेच, रास तेवढीच, पण रचना बदलली की माल बदलला." बारीक कण आधी एका रचनेत बसतात, त्यांना भट्टीत ताप दिला की हळूहळू दुसऱ्या रचनेत जातात, आणि ती दुसरी जास्त टिकाऊ. किती तापात जातात, का जातात, तेवढंच तो शोधत होता. मी म्हटलं, एवढ्यासाठी आयुष्य? तो लिंबं गोळा करत म्हणाला, हो, एवढ्यासाठीच.

रचना बदलली की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. ते दाखवणारं यंत्र नागपूरला. प्रल्हाद पट्ट्या कापसात गुंडाळायचा, त्या स्टीलच्या टिफिनच्या डब्यात ठेवायचा आणि सकाळच्या पॅसेंजरने डबा मांडीवर घेऊन जायचा. शेजारच्या बाईने एकदा भाजी कोणती आहे विचारलं तर म्हणाला, पिवळी डाळ. आठ-पंधरा दिवसांनी कागदाची लांब पट्टी मिळायची, तिच्यावर एक रेघ. एकच पसरट डोंगर असेल तर जुनी रचना. त्याच जागी तीन डोंगर जवळजवळ उभे राहिले तर नवी. पहिल्यांदा तीन डोंगर आले त्या दिवशी तो स्टेशनवरून सरळ दुकानात आला, घोंगडीवरचा सगळा पसारा हाताने बाजूला केला आणि कागद पसरला. तीन टोकं होती, खरंच. आणि ती कमी तापातच आली होती, बाकीच्यांना लागतो त्याहून बऱ्याच कमी. म्हणजे साध्या काचेवर, साध्या भट्टीत, आपल्यासारख्याच्या हातून हे होऊ शकतं. तो नुसतं बोट फिरवत होता त्या डोंगरांवरून. पुढे कुठल्याशा परिषदेत त्याने ते सांगितलं, नागपूरचे त्याचे मार्गदर्शकही खुश झाले, पीएच.डी. दोन वर्षांत होईल म्हणाले. मी दुकानात पेढे वाटले, कशाचे ते मलाही सांगता येत नव्हतं.

आणि मग मी त्याचं वाटोळं केलं. लिहितो आता, लपवून काय मिळणार. आमच्या धंद्यात त्या काळात काच बदलली. पूर्वीची काच वितळलेल्या रसातून ओढून काढलेली असायची, तिच्यात बारीक लहर असे, मान हलवली की पलीकडचा खांब वाकल्यासारखा दिसे, कुठे एखादा बुडबुडा. मग नवी काच आली, सपाट, साफ, पाण्यासारखी. एका दिवाळीला माझा जुना साठा संपला आणि नव्या काचेची गाडी उतरली. प्रल्हादच्या पट्ट्या मी त्या नव्या काचेच्या कापल्या. वाटलं, दोस्त आहे, त्याला खराब काच कशाला द्यायची? सांगितलं मात्र नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात नव्हतं. पट्ट्या नेताना त्याने सहज विचारलं, काच तीच आहे नं? आणि माझ्या तोंडून निघालं, तोच माल आहे बाप्पा, तोच. दुकानदाराची जीभ आहे ती. गिऱ्हाईकाने विचारलं की उत्तर आधी निघतं, डोकं मागून येतं. बापानेही हेच म्हटलं, मीही हेच म्हटलं, अख्ख्या बाजारात कोणी दुसरं म्हणत नाही.

त्यानंतर तीन डोंगर आलेच नाहीत. तोच ताप, तेवढाच वेळ, तीच रसायनं, आणि कागदावर दर वेळी एकच पसरट डोंगर, गाढवासारखा उभा. प्रल्हादने आधी लाइटला दोष दिला, भट्टी चालू असताना लाइट जायची म्हणून. मग पाण्याला दिला, मग अमोनियाच्या बाटलीला. वाडीतल्या विहिरीचं पाणी उकळून वापरून पाहिलं. वहीत तो लाइट किती वाजता गेली आणि किती वाजता आली हेसुद्धा लिहायचा. दोन वर्षं असंच चाललं. मध्ये दोनदा त्याने मला पुन्हा विचारलं काचेचं, आणि दोन्हीदा मी मान न वर करता तेच सांगितलं. मग नागपूरला कुजबुज सुरू झाली. पहिले तीन डोंगर आले ते खरंच ह्याच्याच पट्टीचे होते का, असं कोणीतरी त्याच्या तोंडावर विचारलं. मार्गदर्शक भले माणूस, पण तेही म्हणाले, हा भाग प्रबंधातून काढून टाक, उगाच बदनामी नको. प्रल्हाद काढायला तयार नव्हता. काढला तर मीच म्हणतो की मी खोटा होतो, असं त्याचं म्हणणं. लिंबाची पिशवी सोमवारी यायची, पण तो काउंटरवर हात टेकवून उभा राहायचा आणि रस्त्याकडे पाहायचा. शाळेपासून ज्या माणसाने दुसऱ्याच्या वहीत पाहिलं नाही, त्याला लोक चोर म्हणून राह्यले होते.

मला कळलं ते पोळ्याच्या दोन दिवस आधी. एक म्हातारी बैलजोडीचा जुना फोटो घेऊन आली, काच फुटलेली. मी नवी काच बसवली आणि जुनीचा मोठा तुकडा कचऱ्यात टाकायला उचलला, तेव्हा तो आणि नवी काच क्षणभर शेजारी आल्या. जुनीत दारातला खांब वाकला, नवीत सरळ राहिला. आणि मला ती दिवाळी आठवली, ती गाडी आठवली, आणि त्याच दिवाळीनंतर प्रल्हादचे डोंगर गेले हेही आठवलं. मला फिजिक्स येत नाही, पण माल बदलला की काम बदलतं हे कोणत्याही कारागिराला कळतं. लगेच जाऊन सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, सण जाऊ दे, त्याच्या कॉलेजची परीक्षा जाऊ दे… पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी पळत राहिलो. दर सोमवारी पिशवी यायची आणि मी आतल्या खोलीत काहीतरी शोधत असायचो. भ्याडपणा होता तो, दुसरं नाव नाही त्याला.

संक्रांतीच्या आसपास तो खोका घेऊन आला. सगळ्या उरलेल्या कोऱ्या पट्ट्या होत्या त्यात, कापसात नीट मांडलेल्या. काउंटरवर ठेवून म्हणाला, हे तूच ठेव रमेश, तुले कुठी ना कुठी कामी येतील, मी सोडलं आता. त्याचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. मग मला राहवलं नाही.

"काच तीच नव्हती, प्रल्हाद," मी म्हटलं. "जुनी संपली होती. त्या दिवाळीपासून तुले नवी देऊन राह्यलो."

त्याने खोक्यातली एक पट्टी काढून उजेडात धरली. मग म्हणाला, "मी तुले तीनदा विचारलं होतं."

बस, एवढंच. शिवी दिली असती, खोका डोक्यात घातला असता तर मी माणसासारखा उभा राहिलो असतो. त्याने खोका उचलला, काखेत घेतला आणि निघून गेला. पुढच्या सोमवारी लिंबं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बायको म्हणाली, जाऊन पाय धरा. दोनदा त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. लोक म्हणतात, तडा गेलेली काच सांधत नाही. मी काचवाला आहे, मला कोणी सांगायला नको ते, पण तेव्हा झोपेतसुद्धा तेच वाक्य ऐकू यायचं.

होळीच्या सुमाराला एका रविवारी सकाळी दुकानापुढे स्कूटर थांबली. प्रल्हाद उतरला नाही. हँडलवर हात ठेवूनच म्हणाला, "तुह्याकडे नवी काच किती आहे?" मी म्हटलं, पाहिजे तेवढी. "मंग बांध मागं. जुन्या फ्रेमा जिथं दिसतील तिथं नवी बसवून द्यायची, जुनी आपण घ्यायची. चाल." मी हिरा, हातोडी, चुका आणि दहा-बारा काचा घोंगडीत बांधल्या आणि मागे बसलो. आम्ही देवळीच्या रस्त्याला लागलो. माफ केलं असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही नाही.

त्या उन्हाळ्यातले रविवार मला स्वप्नासारखे आठवतात. पळस फुललेला, सोयाबीन-कपाशीची रिकामी काळी शेतं, आणि दोन अर्धवयीन माणसं गावोगाव देवांच्या आणि म्हाताऱ्यांच्या फोटोंवरच्या काचा पाहत फिरत आहेत… घरात शिरलं की प्रल्हाद फोटोकडे पाहायचाच नाही, मान डावी-उजवी करत काचेतली लहर शोधायचा. लोकांना वाटायचं, प्राध्यापकाची मान धरली आहे. एका घरच्या सूनबाईने तेलाची बाटलीसुद्धा आणून दिली. जामच्या चौफुलीवर एक जुनं हॉटेल होतं, धुराने काळं झालेलं, आणि भिंतीवर मालकाच्या बायकोचा फोटो, काच अशी लहरीची की पाहून आमचे डोळे चमकले. मालक काही काढू देईना. नवी साफ काच फुकट मिळते आहे सांगितलं तर म्हणाला, "साफ कायले पाहिजे? तिले मी याच काचातून पाहून राह्यलो पंधरा वर्षं. भजी तळता तळता मान हलली का ती हासते." प्रल्हादने मुकाट्याने मान डोलावली. आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला आणि ती काच तिथेच सोडून निघालो. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मी पाहिलं, तर प्रल्हादचे खांदे हलत होते. रडतो आहे की काय म्हणून मी घाबरलो. तो हसत होता. मग मीही हसलो, आणि समुद्रपूरच्या फाट्यापर्यंत आम्ही वेड्यासारखे हसत होतो.

आठ-दहा मोठ्या काचा जमल्या. मी त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि या वेळी प्रत्येक खोक्यावर खडूने लिहिलं, जुनी, नवी. ती पिवळी आंघोळ पुन्हा झाली, भट्टी झाली, टिफिन पुन्हा पॅसेंजरने नागपूरला गेला. मी तीन आठवडे नीट जेवलो नाही. मग एका दुपारी प्रल्हाद आला, कागद घोंगडीवर ठेवला आणि स्टुलावर बसला. उघड म्हणाला. मी उघडला. जुन्या काचेवर तीन डोंगर, नव्या काचेवर त्याच तापात एक. त्याने ते पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. काचेच्या अंगातला सोडा तापात वर येतो आणि कणांना रचना बदलायला मदत करतो, जुन्या काचेच्या पृष्ठभागावर तो वेगळा वागतो, असं काहीसं त्याचं अनुमान होतं. पुरतं सिद्ध झालं नाही म्हणून तो अनुमानच म्हणायचा. प्रबंधात त्याने काचेवर अख्खं प्रकरण लिहिलं, दोन वर्षं चुकीच्या काचेवर गेली हेही लिहिलं. मी म्हटलं, माझं गाढवपण कशाला छापतो? तो म्हणाला, तुह्या गाढवपणातूनच तं ते सापडलं, लिहावंच लागते. पीएच.डी. झाली. ज्याने तोंडावर विचारलं होतं त्या माणसाने हात मिळवला. दुसरं काही मोठं झालं नाही. एक दिवस तो हातभर वायर आणि काटा असलेलं मीटर घेऊन दुकानापुढे आला, त्याने बनवलेली बोटभर पट्टी उन्हात धरली, आणि काटा उठला. मी हाताची सावली धरली, काटा झोपला. हात काढला, उठला. वरून एक ढग गेला तेव्हा तो आपोआप हळूहळू खाली आला आणि हळूहळू वर गेला, श्वास घेतल्यासारखा. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून पाहत होतो. एवढ्याशा विजेवर मुंगीच्या घरातला दिवासुद्धा लागला नसता, पण मला आजही डोळे मिटले की तो काटा दिसतो.

पुढची दहा वर्षं तो दर सोमवारी लिंबं ठेवायचा आणि विचारायचा, "तोच माल आहे का बे?" दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असलं तरी विचारायचा. मी चिडायचो, तो मिशीत हसायचा. जुन्या काचा एकेक करून संपत गेल्या. शेवटची एक उरली, ती मी पेपरात गुंडाळून मागे काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीला लावून ठेवली आणि वर खडूने प्रल्हाद असं लिहिलं. दोन वर्षांनी निवृत्त होणार होता, वाडीतल्या खोलीत स्वतःची छोटी भट्टी लावणार होता. रायपूरला निघायच्या आदल्या दिवशी तो आला. होणाऱ्या नातवाला खेळणं म्हणून एक भिंग दिलं, लिंबं दिली, आणि जाता जाता म्हणाला, ती एक तेवढी ठेवजो, कोणाले देशील नाई. मी म्हटलं, देतो कुठे, वेडा झाला का? तेच आमचं शेवटचं बोलणं.

माधुरी फोटो ठेवून गेली त्या दिवशी मी दुपारपर्यंत काही केलं नाही. मग मागून ती काच काढली. पेपर सोडला, घोंगडीवर टाकली, पुसली. कुठे लहर आहे, कुठे बुडबुडा आहे, मला पाठ होतं. ही काच त्याच्या भट्टीसाठी होती, तिला फ्रेममध्ये बसवायचं म्हणजे भट्टी आता होणार नाही हे मी माझ्या हाताने कबूल करणं होतं. हिरा दोनदा ठेवला, दोनदा उचलला. मग बारा बाय पंधरा कापली. उरलेला तुकडा बाजूला करायला गेलो आणि माझे हात त्याच्यावरही रेघा मारत होते… तीन बाय एक, तीन बाय एक. मी कापत गेलो, थांबलोच नाही. सात पट्ट्या निघाल्या. धार घासून झाली तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं, आणि मग मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून पोटभर रडलो.

संध्याकाळी माधुरी फ्रेम न्यायला आली. तिने फोटो हातात घेतला, काचेवरून पदर फिरवला आणि गिऱ्हाईक विचारतं तसंच विचारलं, "काका, काच नवीनच टाकली नं?"

एवढ्या वर्षांचं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं. "नाई माय," मी म्हटलं, "जुनी आहे. लहरीची. तुह्या बाबाचीच होती."

तिने फ्रेम उजेडात धरली आणि मान जराशी हलवली. मग पुन्हा हलवली. फ्रेम छातीशी धरून गेली. तेरवीला मी गेलो होतो. हार घातलेला होता, उदबत्ती लावली होती, आणि वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधूनच त्या मान एकीकडे कलती करत, मग दुसरीकडे.

त्या सात पट्ट्या काउंटरच्या कप्प्यात आहेत, कापसात. दुकान उघडलं की आधी त्या पुसतो. सोमवारी काउंटरचा तो कोपरा मोकळा ठेवतो, ते मुद्दाम करत नाही, होतं तसं. परवा एका गिऱ्हाइकाची नजर पट्ट्यांवर गेली. म्हणाला, एवढ्या बारक्या काचा कोणाच्या? आणि माझी जीभ, चाळीस वर्षांची दुकानदाराची जीभ, तिला कोण आवरणार… मी म्हणून बसलो, प्रल्हाद सरच्या आहेत, येतील न्यायले.